प्रमाण वजन

४ मार्च

आज कचेरीत फर्मान निघालं की यापुढे कुणाचंही वय जन्मतारखेवरून धरलं जाणार नाही. रक्तावरून धरलं जाईल. साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले की आमच्यावर असं काहीतरी कोसळतंच. मागच्या वेळी सगळ्यांनी उभ्याने काम करायचं होतं. ते खूळ साहेबांचे पाय दुखेपर्यंत टिकलं.

या वेळचं प्रकरण जरा शास्त्रीय आहे. प्रयोगशाळेतून आलेल्या माणसाने फळ्यावर चित्र काढून समजावलं. रक्तात जी प्रथिनं फिरतात, त्यांच्या अंगावर साखरेच्या बारीक साखळ्या लटकलेल्या असतात. माणूस तरुण आणि धडधाकट असला की या साखळ्यांची टोकं भरलेली असतात. वय झालं, किंवा अंगात कुठे दाह असला, की टोकं झडायला लागतात. ती झड मोजायची आणि शरीराचं खरं वय सांगायचं. "जन्मतारीख ही ऐकीव माहिती आहे, रक्त ही प्रत्यक्ष मोजणी," असं साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. उभा जन्म दुकानदारांचे काटे तपासण्यात घातलेला वजनमापे निरीक्षक मी, मोजणीला कुठल्या तोंडाने विरोध करणार?

साठीला निवृत्ती हा नियम तसाच राहील, फक्त साठी कधी आली ते रक्त ठरवेल. मी सत्तावन्नचा. रोज चालतो, तेलकट खात नाही, दारू-सिगरेटच्या वाऱ्याला उभा राहत नाही. फार तर पन्नास निघेन. म्हणजे पितळी वजनांची पेटी आणखी दहा वर्षं माझ्याच ताब्यात. येताना शीळ घालत आलो. मध्येच उजवी दाढ ठणकली म्हणून थांबवली.

घरी आलो तर ही स्वयंपाकघरात स्टुलावर, कोमट पाण्याच्या भांड्यात दोन्ही हात बुडवून बसलेली. हल्ली हे नवीनच चाललंय. सगळं सांगितलं, तर म्हणते, "आणि कुणाचं वय फारच कमी निघालं तर? परत शाळेत पाठवणार का?" हिला कशाचं म्हणून गांभीर्य नाही.

८ मार्च

चहा पुन्हा उशिरा, आणि अर्धाच कप. "किटली जड लागते हो," म्हणाली. किटली तीच, पाणी तेवढंच. मी उचलून पाहिली, दीड किलोच्या आतबाहेर असेल, तसं तिला सांगितलंही. मग कॉफीची बरणी माझ्यापुढे धरून, "एवढं झाकण उघडून द्या." लग्न झाल्यापासून या घरातली घट्ट झाकणं हीच उघडत आलीय. आता लाडावलीय, दुसरं काय. दुकानातून दुरुस्तीला आलेल्या कोटांचा खुर्चीवर ढीग झालाय आणि कात्रीला हात नाही. सकाळी बोटांबद्दल काहीतरी सांगत होती. मी पेपर वाचत होतो. "होईल कमी," म्हटलं.

दाढेमुळे डाव्या बाजूने जेवतो आहे. चार महिने झाले, आता सवय झाली.

१७ मार्च

पाकिटं आली. माझं वय सहासष्ट.

मी पाकीट उलटं करून पाहिलं, दुसऱ्या कुणाचं तर नाही ना म्हणून. नाव माझंच. म्हणजे मी नियमाप्रमाणे सहा वर्षांपूर्वीच निवृत्त व्हायला हवा होतो आणि तेव्हापासून कचेरीत नुसता घुसून बसलो आहे. एप्रिलअखेर पेटी सोपवावी, किंवा एकदा फेरतपासणी मागावी, असं खाली छापलं होतं. धाकटा निरीक्षक चौतीसचा, त्याचं चौतीसच आलं. त्याला अगदी फसवल्यासारखं वाटलं. तरी तेवढ्यात त्याने माझ्या पेटीवरून हळूच हात फिरवून घेतला. मला दिसलं ते.

खरा गोंधळ वेगळाच. साहेबांचं वय सतरा आलं.

आधी ते खूश होऊन प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन आकडा दाखवून आले. मग नियमाचं पुस्तक उघडलं गेलं. अठराच्या आतल्याला सही करता येत नाही. फर्मान त्यांचंच, त्यामुळे बोलायची सोय नाही. कचेरीतले सगळे कागद दुपारपासून अडकले.

२० मार्च

साहेबांच्या वतीने सही करायला त्यांच्या आई येऊ लागल्या. जन्माने एक्याऐंशीच्या. त्यांनी रक्त द्यायला नकार दिला. "मला माझं वय माहीत आहे, मी तिथे होते," म्हणाल्या. साहेबांच्या खुर्चीवर त्या बसतात, साहेब बाजूच्या स्टुलावर. प्रत्येक कागद त्या मोठ्याने वाचायला लावतात आणि न कळलेल्या शब्दाचा अर्थ विचारतात. साहेबांना निम्मे सांगता येत नाहीत. आज त्यांनी तीन परिपत्रकं फाडून टाकली. कचेरीचं काम इतकं सुरळीत मी कधी पाहिलं नव्हतं.

बाकीच्यांनी आपापले उपाय सुरू केलेत. हिशेबनीस चहात पाच चमचे साखर घालतोय, साखळ्या लांब होतील म्हणून. ती साखर ही नव्हे, हे मी त्याला सांगितलं. "तुमचं सहासष्ट आलंय, तुम्ही बोलूच नका," म्हणाला.

मला झोप नीट लागत नाही. पेटी गेली तर मी सकाळी उठून करू काय?

२३ मार्च

यंत्र चुकतंय. माझी खात्री झाली आहे.

आमच्या धंद्यात काट्याबद्दल शंका आली की काट्याशी वाद घालत बसत नाहीत. पेटीतून प्रमाण वजन काढायचं, पारड्यात ठेवायचं. किलोच्या वजनाला काट्याने किलो दाखवलं तर काटा बरोबर, नाहीतर सील ठोकून बंद. प्रमाण वजन म्हणजे ज्याबद्दल प्रश्नच नाही असं वजन. तेव्हा मला हवं होतं एक प्रमाण माणूस. ज्याच्या तब्येतीबद्दल प्रश्नच नाही असा.

शेजारी खोकतो. धाकटा भाऊ पितो. धाकट्या निरीक्षकावर माझा विश्वास नाही. दुपारी खिडकीत बसून डोकं खाजवत होतो तर समोर ही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही आजारी म्हणून पडल्याचं मला आठवत नाही. मुलीच्या गोवरात, माझ्या फ्रॅक्चरात, सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात हीच उभी. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. डोळ्यांसमोर प्रमाण वजन असताना मी गावभर शोधत होतो.

फेरतपासणीचं कार्ड घरीच भरून टपालाने पाठवायचं असतं. मी म्हटलं, "बोट दे."

"माझं कशाला?"

"यंत्र तपासायचंय. तुझं रक्त माझ्या नावावर पाठवतो. तू माझं प्रमाण वजन."

ही जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, खूश झाली असेल. मग म्हणाली, "म्हणजे माझं सगळं ठीक आहे, असं तुम्ही धरूनच चाललात."

"तसं नाही तर मग कसं?"

तिने हात पुढे केला. बोटं जरा जाड झाली आहेत हिची, सारखी पाण्यात बुडवून असतील. सुई टोचली तर केवढ्याने कळवळली. एवढ्याशा सुईने कुणी कळवळतं का? चांगला गोल थेंब आला, कागदावर टिपला, वाळवला, पाकिटात घातला. हे नियमात बसत नाही याची मला कल्पना आहे. पण खोटा काटा उघडकीला आणायला असा थोडा आडमार्ग धरावा लागतो. दुकानात मीही गिऱ्हाईक बनून जातोच की.

७ एप्रिल

अठ्ठ्याऐंशी!

मी कचेरीत आनंदाने टेबलावर हात आपटला. हिच्यासारखी खणखणीत बाई चौपन्नची, आणि यंत्र म्हणतं अठ्ठ्याऐंशी! चौतीस वर्षांची चूक. एवढ्या चुकीचा काटा मी भाजीवाल्याकडेही पाहिलेला नाही. हिशेब सरळ आहे. हिचे चौतीस जास्त, तर माझेही चौतीस जास्त. सहासष्टातून चौतीस वजा केले तर मी बत्तीसचा. मी बत्तीसच्या बेताचा वाटतोही.

पण लोक वेगळंच समजले. त्यांच्या लेखी मी तीन आठवड्यांत बावीस वर्षांनी म्हातारा झालोय. हिशेबनिसाने पाटीवर गणित मांडलं आणि या वेगाने मी एप्रिल संपायच्या आत शंभरी ओलांडून पुढे जाईन असं जाहीर केलं. पुढे म्हणजे कुठे, ते कुणी विचारलं नाही. सगळे एकदम माझ्याशी फार हळू आणि फार मोठ्याने बोलायला लागले.

थेंब हिचा होता हे आत्ताच सांगितलं तर खोटा नमुना दिला म्हणून हातात नारळ मिळेल. त्यापेक्षा आधी यंत्राच्या तपासणीचा अर्ज द्यायचा, माझ्या देखत तपासणी झाली की मग तोंड उघडायचं. अर्ज दिला. साहेबांच्या आईंनी सही केली. घरी हिला आकडा सांगितला आणि खूप हसलो. "बघ, यंत्राच्या लेखी तू माझी आजी!" ही हसली नाही. आठ वाजताच आडवी झाली. अंगात कणकण आहे म्हणे. हिची विनोदबुद्धी हल्ली कमी झाली आहे.

१० एप्रिल

माझं टेबल दाराजवळ हलवलं आहे. कारण विचारलं तर म्हणाले, "स्ट्रेचर वळायला जागा हवी." मला वजन उचलायची मनाई. पाव किलोचंसुद्धा धाकटा निरीक्षक उचलून देतो आणि "सावकाश, बाबा" म्हणतो. मागच्या महिन्यापर्यंत मला "सर" म्हणायचा.

साहेबांच्या आई मला "बस रे बाळा" म्हणाल्या, मग अठ्ठ्याऐंशी आठवलं तशा स्वतःच उठल्या आणि "बसा आजोबा" म्हणून खुर्ची दिली. मी नको म्हटलं, त्याही नको म्हणाल्या. शेवटी खुर्चीवर साहेब बसले.

सभागृह महिन्यातून एकदाच मिळतं, म्हणून माझा निरोप समारंभ आणि शोकसभा एकत्रच उरकायचं ठरलंय. आधी निरोप, मग चहा, मग शोक. शोकाचं भाषण धाकटा निरीक्षक करणार. त्याने मला आज वाचून दाखवलं आणि काही दुरुस्ती हवी का विचारलं. भाषण चांगलं आहे. "काट्यासारखा सरळ माणूस" हे वाक्य ऐकून मलाच भरून आलं. घरी येऊन हिला म्हणून दाखवणार होतो, पण ही जिन्यात मधल्या पायरीवर बसली होती. पिशवी बाजूला ठेवून, श्वास घेत. म्हटलं, इथे काय बसलीस, लोक काय म्हणतील?

१४ एप्रिल

कचेरीने मला बळेच दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरबाईंनी माझे कागद पाहिले, मग मला पाहिलं, मग परत कागद पाहिले. "अठ्ठ्याऐंशी? साखळ्यांची टोकं इतकी झडलेली मी सहसा सांध्यांच्या एका आजारात पाहते," म्हणाल्या. आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू केली.

"सकाळी उठल्यावर बोटं आखडतात?"

"नाही."

"बोटांच्या सांध्यांना सूज? वस्तू जड वाटतात? झाकणं उघडायला त्रास?"

"अजिबात नाही. झाकणं तर हल्ली मीच उघडतो."

"बारीक ताप? जिना चढताना थकवा?"

"बाई, मला काहीही होत नाही. यंत्र बिघडलंय."

त्यांनी माझी बोटं एकेक करून दाबली आणि तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "आश्चर्य आहे. हे रक्त या हातांचं वाटत नाही." हुशार बाई आहे, पण मी काही बोललो नाही. मग तोंड उघडायला लावलं आणि दाढ पाहून त्यांचा चेहराच बदलला. आत केवढं मोठं गळू होतं म्हणे, त्याने वय सहज पाच-दहा वर्षांनी चढतं. वय म्हणजे काही दगडावरची रेघ नाही, अंदाज आहे, असंही म्हणाल्या. दाढ तिथल्या तिथे काढली.

संध्याकाळी हिने मऊ काहीतरी करून वाढलं. भांडं दोन्ही हातांनी धरून, अगदी हळू आणलं. माझ्या गालाला सूज होती म्हणून मी बोललो नाही.

२१ एप्रिल

प्रयोगशाळेचा माणूस यंत्र घेऊन आला. निरोपाच्या दिवशीच सभागृह मिळालं, म्हणून आधी तिथेच टेबल मांडलं. एका भिंतीवर माझ्या शोकसभेचा फलक आधीच लागलेला. सगळी कचेरी जमली, साहेबांच्या आई पुढे.

मी यंत्राला सुटू दिलं नाही. त्याने आपले नेहमीचे नमुने काढले, ज्यांचं उत्तर आधीच ठाऊक असतं असे. मी त्यांवरच्या चिठ्ठ्या झाकायला लावल्या, क्रम उलटा केला, एकच नमुना नाव बदलून तीनदा दिला. तीनही वेळा उत्तर तेच. हा माणूस मला आवडायला लागला, कारण त्याच्याही खिशात आपल्या नमुन्यांच्या तपासणीचा दाखला होता, माझ्यासारखाच. चार तास मी खोट शोधली. चौतीस वर्षं सोडा, दोन वर्षांचीही चूक निघाली नाही.

काटा बरोबर आहे.

मी खुर्चीवर बसलो. धाकटा निरीक्षक पाणी घेऊन धावला, त्याला वाटलं वेळ झाली. माझ्या डोक्यात मात्र आमच्या धंद्यातलं अगदी पहिल्या वर्षी शिकवतात ते फिरत होतं. काटा बरोबर असून आकडा पटत नसेल, तर पारड्यातलं वजन बघायचं. पितळसुद्धा झिजतं. पेटीतली वजनं मी दरवर्षी न चुकता तपासायला पाठवतो. हिला कुठे पाठवलं होतं? हिच्यावर तर मी बाकीचं सगळं तोलत आलो. मग डॉक्टरबाईंचे प्रश्न एकामागून एक आठवले, आणि मी "नाही, नाही" म्हणालेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्या घरात होतं. किटली, झाकण, जिना.

मी उभा राहून सांगितलं की दुसरा थेंब माझा नव्हता, माझ्या बायकोचा होता.

हिशेबनीस म्हणाला, "म्हणजे शोकसभा रद्द?" साहेब नियमाचं पुस्तक चाळायला लागले, खोट्या नमुन्याला काय शिक्षा ते बघायला. त्यांच्या आईंनी पुस्तक काढून घेतलं आणि माझ्यावर ओरडल्या, "बायको अठ्ठ्याऐंशीची निघाली आणि तू इथे यंत्र कसलं तपासतोस मेल्या? घरी जा!"

पेटी तशीच टेबलावर उघडी टाकून मी निघालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

२३ एप्रिल

हिला घेऊन त्याच डॉक्टरबाईंकडे गेलो. परवा घरी गेल्या गेल्या सगळं सांगितलं होतं. ही खुर्चीवर बसून ऐकत होती, मांडीवर दुरुस्तीचा कोट. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरबाईंनी हिची बोटं हातात घेतली. मी प्रथमच नीट पाहिली ती. सांधे सुजून तांबूस झालेले, उजव्या हाताची दोन बोटं बाहेरच्या अंगाला वळलेली. "शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटली आहे," म्हणाल्या. औषधं आहेत, चांगली आहेत, लगेच सुरू करायची. सूज उतरेल, थकवा जाईल. ती दोन बोटं मात्र आता पूर्ण सरळ होणार नाहीत. चार महिने आधी आला असतात तर वाचली असती.

"कात्री धरता येईल का?" हिने विचारलं.

"वेगळ्या पद्धतीने धरायला शिकावं लागेल."

हिने मान हलवली. डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "हे कधीपासून आहे?" मला सांगता येईना. गावातल्या कुठल्या दुकानाचा काटा किती ग्रॅमने खातो ते मला तोंडपाठ आहे. ही म्हणाली, "थंडीपासून."

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं.

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, होईल कमी."

ती हे टोचून बोलली नाही. भाजी काय आणायची ते सांगावं तसं बोलली. मला इतकी लाज वाटली की मी भिंतीवरचं दातांचं चित्र बघत बसलो. माझ्या नोकरीचं काय झालं ते अजून कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर आज दिवसभरात एकदाही त्याचा विचार मनात आला नाही.

डॉक्टरबाई हिचा नवा कागद भरायला लागल्या. नाव, वय, काम. मग विचारलं, "यापूर्वी कधी रक्त तपासलं होतं?"

हिने माझ्याकडे पाहिलं. "एकदा," म्हणाली. "यांच्या नावावर."

डॉक्टरबाईंनी ते तसंच लिहून घेतलं.